नादाला लागलेली माणसं

आपल्या भाषेत कानाचे जेवढे हाल झाले आहेत, तेवढे दुसऱ्या कुठल्याही अवयवाचे झालेले नाहीत. डोळ्यांचं नशीब मोठं. ते पाणावतात, भरून येतात, कुणावर तरी जडतात, काहीच नाही तर दिपतात तरी. कानांच्या वाट्याला काय? ते कुणीही भरावेत, कुणीही फुंकावेत, वडीलधाऱ्यांनी टोचावेत, मास्तरांनी पिळावेत, आणि शेवटी आपणच आपल्या हाताने त्यांना खडा लावून घ्यावा! एवढं सगळं सोसून हे बापडं इंद्रिय एखाद्या दिवशी स्वतःहून काही बोलायला गेलं, तर घरातली माणसं म्हणतात, "काही नाही रे, कान वाजले असतील तुझे." संपलं! तुम्हांला जे ऐकू आलं ते मुळात नव्हतंच, असा एकतर्फी निकाल. अपिलाची सोय नाही.

माझे कान वाजतात. 'वाजले असतील' या अर्थाने नव्हे, खरोखरच वाजतात. दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. लीप वर्षात एक दिवस जादा. मला कळायला लागल्यापासून वाजताहेत. बारीक, उंच पट्टीतला, एकसुरी आवाज. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जी 'ईऽऽ' करत राहते, तिची शिट्टी कधीच होऊ नये आणि गॅस बंद करायलाही कुणी उठू नये, असं समजा. डॉक्टर मंडळी याला 'टिनिटस' म्हणतात. लॅटिन भाषेत किणकिणण्याला जे क्रियापद आहे, त्यावरून हा शब्द आला. आपल्या वैद्यांनी त्याला 'कर्णनाद' म्हटलं आहे. नाव फार गोड आहे. संगीत नाटकाच्या पुस्तकात एखाद्या पदावर 'राग : कर्णनाद, ताल : त्रिताल' असं छापलं, तर चार जण मान डोलावतील.

लहानपणी मला या नादाचा काडीचाही उपद्रव नव्हता. याचं सगळं श्रेय माझ्या गावाला. गाव अष्टमी. पुढे कॉलेजात कुणी "गाव कुठलं?" म्हणून विचारलं आणि मी "अष्टमी" म्हटलं, की "अरे, तिथी नाही विचारली" हे उत्तर ठरलेलं. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहे आणि दुसऱ्या काठाला अष्टमी, मध्ये पूल. नगरपरिषदेच्या पाटीवर दोघांची नावं शेजारी शेजारी येतात, जत्रेत काढलेल्या जोडप्याच्या फोटोसारखी. पण मानमरातब सगळा रोह्याकडे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली जन्मले ते रोह्यात. कोकण रेल्वे सुरू होते तीसुद्धा रोह्यापासून. अष्टमीला आपली तिथी.

मात्र आवाजाच्या बाबतीत अष्टमी कुणाला हार जाणारी नाही. जून महिन्यात कौलांवर पाऊस सुरू झाला की शेजारच्याशी बोलायलासुद्धा ओरडावं लागतं. तो जरा दमला, की बेडूक बैठकीला बसतात. बेडकांचं संपलं की रातकिडे. शिवाय ओसंडून धावणारी कुंडलिका आहेच. एवढ्या मोठ्या संमेलनात माझ्या कानातला एकुलता एक रातकिडा कुठल्या कोपऱ्यात बसून आपली कविता म्हणतो आहे, याची दखल कोण घेणार? रात्री कधी सगळं निवांत झालं आणि तो बारीक सूर तेवढा उरला, की मी समजायचो, हीच शांतता. शांततेला तिचा स्वतःचा असा एक आवाज असतो, पाण्याला पाण्याची चव असते तसा. यात विचारण्यासारखं काय आहे?

मग मी मुंबईला शिकायला आलो. मुंबईत आवाजाला तोटा नाही असं सगळे म्हणतात. पण होस्टेलची आमची खोली मागच्या बाजूला होती, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता तिथे जी सामसूम व्हायची, ती स्मशानात शोभली असती. डिसेंबर होता. पंखा बंद होता. पार्टनर नागपूरकडचा. दोघेही जागे होतो. मी सहज विचारलं, "काय रे, तुझा कुठल्या पट्टीत आहे?"

"काय कुठल्या पट्टीत?"

"आवाज. हा आत्ता येतोय तो."

त्याने उठून बसून कान दिला. "मले तं काहीच नाही येऊन राह्यला," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

काहीच नाही! म्हणजे जगात अशीही माणसं होती, की ज्यांच्याकडे रात्री दोन वाजता 'काहीच नाही' एवढी मोठी इस्टेट होती, आणि मला अठरा वर्षांत कुणी त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. आवाज कालच्याएवढाच होता. पण कालपर्यंत तो घरचा होता. आज तो भाडं न देता राहणारा पोटभाडेकरू झाला. मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो, आणि मी नजर ठेवतो आहे म्हटल्यावर तोही शेफारला. पुस्तक उघडलं की तो. उशीवर डोकं टेकलं की तो. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास तो आणि मी. चार महिने मला धड झोप नव्हती. सांगायचं तर कुणाला? 'मला नसलेले आवाज ऐकू येतात' हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघा. एकोणीस वर्षांच्या मुलाने ते मोठ्याने म्हटलं, तर लोक त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेतील की ठाण्याला, याची खात्री नव्हती.

शेवटी मी एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं, हेडफोन लावून चाचणी घेतली आणि "ऐकू उत्तम येतं तुला," असं अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, तीच तर तक्रार आहे." तेव्हा मला 'टिनिटस' हा शब्द मिळाला. "यावर औषध नाही, सवय करून घे," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. औषध मिळालं नाही, पण नाव मिळालं. आणि ज्याला नाव आहे, त्याचा इतिहास असतोच. अभ्यासक्रमात नसलेलं वाचायला विद्यार्थ्यांपाशी नेहमीच वेळ असतो. मी वाचायला लागलो, आणि त्यानंतरही वाचतच राहिलो. पाहतो तो काय, नादाला लागलेला मी एकटा नव्हतो. आमची परंपरा रोमपेक्षाही जुनी निघाली.

निनेवे नगरीत इसवी सनापूर्वी सातव्या शतकात अशुरबनिपाल नावाचा राजा होऊन गेला. त्याने मातीच्या विटांचं ग्रंथालय जमवलं होतं. त्यातल्या काही विटांवर कानाची दुखणी आणि उपाय कोरलेले आहेत. तिथे वाजणाऱ्या कानांच्या जाती आहेत: गाणारे कान, बोलणारे कान, कुजबुजणारे कान. कारण? माणसाला भुताने धरलं. उपाय? काही कानात घालायचं आणि काही मंत्र म्हणायचे. आमच्याकडे अजून याहून वेगळं काय करतात?

रोमन लोकांनी भुताला रजा दिली. त्यांचं म्हणणं असं, की कान वाजले म्हणजे दूर कुठे तरी तुमच्याबद्दल बोलणं चाललं आहे. पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनीने ही समजूत नोंदवून ठेवली आहे. आपण हे खातं उचकीकडे दिलं. मला विचाराल तर आपलीच व्यवस्था बरी. उचकी पाणी प्यायल्यावर थांबते. रोमन हिशेबाने माझ्याबद्दल जन्मल्यापासून अखंड कुणी तरी बोलत असलं पाहिजे, आणि एवढा वेळ बोलण्यासारखं माझ्यात काही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. त्यात कर्णनाद वेगळा आणि कर्णक्ष्वेड वेगळा. पुढे माधवनिदानाने त्यांची लक्षणं सांगितली. भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज येत असतील तर तो कर्णनाद. वेणूसारखा एकच सूर येत असेल तर कर्णक्ष्वेड. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर मी नादाचा पेशंटच नव्हे, क्ष्वेडाचा. हा शब्द मी लोकांना सांगत नाही, कारण तो ऐकून लोक "जपा हं" असं म्हणतात. कारण मात्र स्वच्छ सांगितलं आहे: कानाच्या मार्गात वायू कोपला. भूत नाही, चहाडी नाही, साधा वात. उपाय म्हणजे कानात कोमट औषधी तेल. बेलफळ गोमूत्रात वाटून सिद्ध केलेल्या बिल्वतेलाचीही कृती दिलेली आहे. आमच्या आजीकडे या शास्त्राची संक्षिप्त आवृत्ती होती: खोबरेल तेलात लसणाच्या दोन पाकळ्या कडकडवायच्या आणि निवल्यावर दोन थेंब. त्याने आवाज गेला नाही. मात्र दोन दिवस मला स्वतःलाच फोडणी दिल्यासारखं वाटत होतं. (आजचे डॉक्टर न तपासता कानात तेल घालू नका म्हणतात. पडदा फाटका असेल तर ते महागात पडतं.)

त्या सुट्टीत आमच्या ओळखीतले एक योगप्रेमी काका घरी आले. त्यांना हे कळल्यावर ते सरसावून बसले. "अरे, हा तर अनाहत नाद! तुझी कुंडलिनी जागी होते आहे." मी म्हटलं, "काका, आमच्याकडे कुंडलिका आहे, आणि ती जागी झाली की बाजारपेठेत पाणी शिरतं." पण काका बोलत होते ते हवेतलं नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचं आणि अनाहताचं वर्णन आहे. हठयोगप्रदीपिकेत तर साधकाला ऐकू येणाऱ्या नादांचा क्रम लावून दिला आहे. आधी समुद्र, मेघ, भेरी. मधल्या पायरीवर शंख, घंटा. शेवटी किणकिण, वेणू, वीणा आणि भुंगा. प्रगतिपुस्तकच म्हणा ना. मी कसलीही साधना न करता एकदम शेवटच्या इयत्तेत बसलो होतो, आणि तिथून वर काही चढत नव्हतो.

पण त्या दिवशी मला पहिल्यांदा गंमत कळली. वेणूचा आवाज वैद्याच्या पोथीत आहे आणि योग्याच्या पोथीतही आहे. आवाज तोच. वैद्याकडे गेलात तर रोग, योग्याकडे गेलात तर योग. एकाला तो नकोसा म्हणून झोप नाही, दुसरा तो ऐकू यावा म्हणून झोप सोडून बसला आहे. म्हणजे घोटाळा आवाजात आहे, की त्याला आपण काय समजतो यात आहे?

हा प्रश्न घेऊन मी युरोपात गेलो. म्हणजे वाचनालयात. तिथे पहिला भेटला मार्टिन ल्यूथर. १५३० साली तो कोबुर्गच्या किल्ल्यात राहत होता, आणि त्याच्या डोक्यात गडगडाट चालू असे. पोपला न भिणारा हा माणूस. त्याने ठरवलं की हा सैतानाचा उद्योग आहे. एका अर्थी हे सोयीचं होतं. शत्रू ओळखीचा असला की भांडायला हुरूप येतो.

दुसरा भेटला तो मला फार जवळचा वाटला. झाँ-झाक रूसो. आपण त्याला क्रांतीच्या धड्यात भेटतो, तेव्हा तो पोक्त तत्त्वज्ञ असतो. पण त्याचे कान वाजायला लागले तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा, पैसा नसलेला, नोकरीचा पत्ता नसलेला तरुण होता. आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये त्याने तो प्रसंग सांगितला आहे. एका सकाळी तो एक लहानसं टेबल नीट उभं करत होता, आणि एकाएकी अंगात वादळ उठल्यासारखं झालं. नाड्या धाडधाड उडायला लागल्या, आणि कानांत एक सोडून चार आवाज सुरू झाले: एक जाड घुमणारा, एक वाहत्या पाण्यासारखा, एक तीक्ष्ण शिटीसारखा आणि चौथा नाडीच्या ठोक्यांचा. आता आपण मरणार असं समजून तो अंथरुणाला खिळला. काही आठवडे गेले. मरण आलं नाही. आवाजही गेले नाहीत. मग आता थोडेच दिवस उरले आहेत तर ते चांगले घालवावेत, असं म्हणून त्याने पुस्तकं काढली. तत्त्वज्ञान, भूमिती, बीजगणित, लॅटिन, सगळं स्वतःचं स्वतः शिकायला घेतलं. पुढे त्याने लिहिलं आहे, की मी मेलो असं धरून चाललो तेव्हाच मी जगायला लागलो. 'आता मरणार' म्हणणारा हा गृहस्थ १७७८ साली, सहासष्टाव्या वर्षी गेला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने युरोपची झोप उडवली. स्वतःची तर आधीच उडालेली होती.

होस्टेलच्या खोलीत रात्री हे वाचताना मला जे वाटलं, ते कुठल्याही औषधाने वाटलं नसतं. दोन अडीचशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच बोलणारा तरुण माझ्या कॉटवर येऊन बसला होता आणि सांगत होता, "चार आहेत माझ्याकडे. तुझा एकच? मग अभ्यासाला बस."

बीथोव्हेनची गोष्ट इतकी हलकी नाही. १८०१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने आपल्या लहानपणीच्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, पत्र लिहिलं. कान रात्रंदिवस गुणगुणतात, घोंघावतात. दोन वर्षं मी लोकांत जाणं टाळतो आहे, कारण मला ऐकू येत नाही हे लोकांना सांगणार कसं? संगीतकाराने कानाची तक्रार करायची म्हणजे आचाऱ्याने आपल्याला चव कळत नाही म्हणण्यासारखं. त्याला आवाजापेक्षा तो लपवण्याचा त्रास जास्त झाला असावा. मला ते पटकन समजलं, कारण मीही चार महिने तोच उद्योग करत होतो.

बोहेमियाच्या स्मेतानाने उलट केलं. १८७४ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो पुरता बहिरा झाला. आधी कानात उंच सूर वाजायचा. १८७६ साली त्याने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना केली आणि तिला 'माझ्या आयुष्यातून' असं नाव दिलं. शेवटच्या भागात सगळं आनंदात नाचत असताना एकाएकी व्हायोलिनवर एक लांब, उंच सूर लागतो आणि बाकीचा आनंद जागच्या जागी गोठतो. तो त्याच्या कानातला सूर. जो आवाज जगात दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नव्हता, तो त्याने कागदावर लिहून सगळ्या जगाला ऐकवला. 'तुझे कान वाजले असतील' म्हणणाऱ्यांना याहून सज्जड उत्तर कुणी दिलेलं नाही.

आता उपायांचा इतिहास. अॅरिस्टॉटलच्या नावावर प्रश्नोत्तरांचा एक जुना ग्रंथ आहे. त्यात विचारलं आहे, की कानातला घोंगावता आवाज बाहेर दुसरा आवाज केला की का थांबतो? उत्तर : मोठा आवाज लहानाला हाकलतो. झालं! पुढच्या दोन हजार वर्षांचं सार यात आलं. १८२१ साली इतार या फ्रेंच डॉक्टरने कानांच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने पेशंटांना कानातल्या आवाजासारखाच बाहेरचा आवाज जोडून द्यायचं ठरवलं. कुणाला चुलीत ओली लाकडं घालून त्यांची चुरचुर ऐकत बसायला सांगितलं, कुणाला पाणचक्कीशेजारी राहायला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, ज्यांचे कान वाजत असे एक डॉक्टर एका कारंज्यापाशी उभे राहिले आणि त्यांचा आवाज नाहीसा झाला. ते तिथून हलेनात. त्यांच्यासोबत होते जॅक व्हर्नन नावाचे संशोधक. त्यांनी त्यावरून कानात घालायचं 'मास्कर' यंत्र आणलं. मला हे वाचताना ऊर भरून आला. पाणचक्की काय, कारंजं काय! आमच्याकडे रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही फुकट आणि कौलांवर. इतारसाहेबांनी मला सरळ अष्टमीलाच परत पाठवलं असतं.

पण विज्ञानाने खरी कलाटणी दिली ती वेगळीच. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग आहे. त्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा-सोळा हजार. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी त्या बिघडतात. मग मेंदूकडे त्या पट्टीतला मजकूर येईनासा होतो, आणि मेंदू काय करतो? आपण रेडिओ नीट लागला नाही की करतो तेच : आवाज वाढवतो. मग स्टेशन लागत नाही, खरखर मात्र मोठी होते. काही रुग्णांत डॉक्टरांनी कानाची शीरच कापून पाहिली. ऐकू येणं गेलं, नाद राहिला. म्हणजे बिऱ्हाड कानात नव्हतंच, वरच्या मजल्यावर होतं!

त्याहून गंमत १९५३ सालची. हेलर आणि बर्गमन या दोघांनी अमेरिकेत ऐंशी चांगल्या कानांची माणसं एकेक करून आवाजबंद खोलीत बसवली आणि काय ऐकू येतं ते विचारलं. चौऱ्याण्णव टक्के लोकांनी सांगितलं, काही ना काही ऐकू येतं. गुणगुण, घुमघुम, शिटी. शांततेला स्वतःचा आवाज असतो हा माझा अष्टमीचा सिद्धान्त अगदीच टाकाऊ नव्हता. नागपूरचा पार्टनर त्या खोलीत बसला असता, तर बहुधा त्यालाही पट्टी सांगावी लागली असती.

मग सगळ्यांनाच त्रास का नाही? १९९० साली जास्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञाने याची मांडणी केली. मेंदू हजारो आवाज ऐकतो आणि बिनमहत्त्वाचे गाळून टाकतो, घड्याळाची टिकटिक किंवा फ्रिजची घरघर गाळतो तसे. एखाद्या आवाजावर 'धोका' असा शिक्का बसला, की तो गाळला जात नाही. भीती आवाजाला पुढे आणते, आवाज भीतीला. मोजून पाहिलं तर कानातला हा नाद बहुतेकांच्या बाबतीत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजाच्या फार तर पाच-दहा डेसिबल वर निघतो. पानांच्या सळसळीइतका. रूसो आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडला तो पानांच्या सळसळीमुळे नव्हे, 'आता मेलो' या शिक्क्यामुळे. तो शिक्का पुसला गेला आणि तो भूमिती शिकायला लागला. आजही या दुखण्याला पोटात घ्यायचं खात्रीचं औषध नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बरं वाटतं, आणि विचारांची सवय बदलायच्या उपचारांना सगळ्यांत चांगला पुरावा आहे. म्हणजे त्या डॉक्टरांचं 'सवय करून घे' हे बरोबरच होतं. कशी करायची, एवढं सांगायचं राहिलं.

ते मला दोन माणसांनी शिकवलं, आणि दोघांनीही जास्ट्रेबॉफ वाचलेला नव्हता.

पहिला नागपूरचा पार्टनर. एका रात्री मी त्याला सगळं सांगून टाकलं. झोप नाही, अभ्यास नाही, वेड लागेल अशी भीती वाटते, हे सगळं. त्याने ऐकून घेतलं. "मंग आधीच नाही का सांगाचं बे," म्हणाला आणि उठून पंखा लावला. डिसेंबर संपत आलेला. दोन नंबरवर पंखा, आणि त्या पंख्याची पाती कटकट करायची. "आमच्या घरी कूलर असा गरजते का विमान उतरून राह्यलं वाटते. त्याच्याबिगर मले झोप नाही येत." तो डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला. त्यानंतर दोन हिवाळे आमच्या खोलीत पंखा रात्रभर चालू असे. त्याला नागपूरची थंडी सोसलेली होती हे खरं. पण दोन हिवाळे तो कुडकुडला हेही मी पाहिलं आहे. कूलरची गोष्ट त्याने त्यानंतर पुन्हा कधी काढली नाही.

दुसरी आजी. सुट्टीत तिला कुणी तरी सांगितलं, की याचे कान वाजतात म्हणून हा वाळला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझेही वाजतात की."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. आमच्या लहानपणी हिवतापावर ती कडू क्विनीन देत. ती घेतली की सगळ्यांचेच कान गायला लागत. तेव्हापासूनच मला कळायचं, माझे आपले एरवीही गातात. रातकिडे बारा महिने."

"मग कधी बोलली नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? सकाळी उठून भाकऱ्या करायच्या असत. कोण ऐकत बसतो?"

क्विनीनने कान वाजतात हे वैद्यकालाही चांगलं ठाऊक आहे. आजीचा आवाज क्विनीनच्याही आधीचा, आणि तो तिने साठ वर्षं नुसता बाजूला ठेवला होता. निनेवेच्या विटांत, सुश्रुतात, रूसोत, कुठेच तिची नोंद नाही. २०२२ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून एक अंदाज प्रसिद्ध झाला : प्रौढ माणसांपैकी सुमारे चौदा टक्के, म्हणजे चौऱ्याहत्तर कोटींहून अधिक लोकांचे कान वाजतात. त्यांतल्या बारा कोटींहून अधिक लोकांना त्याचा जबर त्रास होतो. उरलेले बहुतेक आजीसारखे तांदूळ निवडत असले पाहिजेत. पण ज्यांना त्रास होतो, त्यांना 'भाकऱ्या करा' एवढं सांगून भागत नाही. त्यांना आधी कुणी तरी उठून पंखा लावावा लागतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की कानाचे एवढे हाल करणाऱ्या आपल्या भाषेने त्याच्यावर एक उपकारही करून ठेवला आहे. जास्ट्रेबॉफने ज्याला अख्खं शास्त्र लिहिलं, त्याला मराठीत एक शब्द आहे : कानाडोळा. ऐकू येतं, पण दखल घ्यायची नाही. तो ठरवून होत नाही, ही त्याची मेख. 'आता मी कानाडोळा करतो' म्हणून बसलं की कान अधिकच टवकारतात. दुसरं काही करत असताना, चार माणसांत, थोड्याशा आवाजात, तो आपोआप होतो. मला दोन वर्षं लागली. हल्ली नाद आहे का म्हणून कुणी विचारलं, तर आठवून पाहावं लागतं. आठवलं की असतोच. हे लिहिताना आहे. तुम्हांला सांगायचं म्हणून मुद्दाम बोलावला होता, आता दोन दिवस जायचा नाही.

सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत शांतता क्षेत्रात रात्री चाळीस डेसिबलची मर्यादा घातली आहे. आमचा नाद या मर्यादेत आरामात बसतो, त्यामुळे त्याच्यावर कारवाई होत नाही. वाचनालयात अजूनही भिंतीवर 'कृपया शांतता राखा' अशी पाटी असते, आणि एखादा पोरगा पुस्तकात डोकं घालून उगाचच पेन टेबलावर टकटक वाजवत असतो. ग्रंथपाल त्याच्याकडे डोळे वटारून बघतात. मी बघत नाही. शांतता मी आयुष्यात एकदाही राखलेली नाही. कुणाला ऐकू गेलं नाही, एवढंच.